तोंडातले खिळे

२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाला शुक्रवारपर्यंत सांगा. हो की नाही. जसं काय पडद्याचा रंग विचारतोय!

ह्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह गेलाय. ऑपरेशन केलं तर टेबलावरून उठतील की नाही, खात्री नाही. नाही केलं तर फार दिवस काढणार नाहीत, ही मात्र खात्री. "आम्ही करा असाच सल्ला देऊ, पण निर्णय घरच्यांचा." घरचे म्हणजे कोण? हे पडल्या पडल्या वॉर्डच्या छताकडे बघत होते. रंगारी माणूस. मरायला टेकला तरी पोपडेच दिसणार. मग म्हणाले, "तिला विचारा. ती म्हणेल तसं."

मी पाणी आणते म्हणून बाहेर पडले आणि जिन्यावर बसून राहिले. परत आले ते बाटली रिकामीच घेऊन.

ही वही लेकीने दिली. म्हणे, "आई, तुझं डोकं म्हणजे कुकर झालंय. शिट्टी नाही, नुसती वाफ. लिहीत जा." चौथीपर्यंत शिकलेली मी. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. कुणाला वाचायचं नाही ना, मग चालेल.

३ फेब्रुवारी

कामावर गेले. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. आमच्या जिन्याची भिंत ह्यांनी अर्धी रंगवून सोडली आहे, कधीची! लोकांची घरं चकाचक, आणि आपल्या घरी अर्धी भिंत पिवळी, अर्धी नुसती लांबी फासलेली. रोज चढताना चिडते. आज चिडले नाही. त्याचंच वाईट वाटलं.

आमच्या कारखान्यात सुतार शवपेट्या करतो, मी त्यांना आतून अस्तर लावते. आधी कापसाचा थर, वर पांढरं सॅटिन, कडेला चुण्या. कापडाचा जोड पायाकडे यायला हवा, डोक्याकडे नाही, कारण लोक शेवटचं बघतात ते तोंड. उशीत रंध्याखालची लाकडाची साल भरायची. हे सगळं मी डोळे मिटून करते. एका हातात कापड ताणलेलं, एका हातात हातोडी, म्हणून बारीक खिळे तोंडात. एकेक जिभेने पुढे काढायचा.

सुतार ओरडतो, "वहिनी, एखादा गिळाल एक दिवस! मग तुमचीच पेटी मला फुकट करावी लागेल."

मी उत्तर देत नाही. देऊच शकत नाही. तोंडात खिळे असले की कुणी बोलायला लावत नाही. या कामातलं तेवढंच सुख.

आज त्याने विचारलं, "मग, काय ठरलं ऑपरेशनचं?" मी आणखी मूठभर खिळे तोंडात कोंबले.

४ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. नाहीतर वही कशाला घेतली!

मी हो म्हणू शकत नाही. माझ्या तोंडून गेलेला शब्द बाधतो.

आमचा थोरला मुलगा असाच पडला होता, कित्येक वर्षांपूर्वी. ताप मेंदूत चढला. अंगाला झटके यायचे, डोळे पांढरे, आम्ही दोघं आळीपाळीने हात धरून. आठवडाभर मी देवाशी भांडत होते. मग चर्चचे जुने पाळक आले. म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला घट्ट धरून बसलात. सोडा. देवाच्या हाती द्या." आणि मी म्हटलं — "देवा, तुझ्या मनासारखं होऊ दे."

विश्वासाने नाही म्हटलं. दमले होते म्हणून म्हटलं! एकदाचं काय ते होऊ दे, असं मनात होतं. आईच्या मनात. दुपार कलायच्या आत पोरगं गेलं.

मी दार उघडलं आणि देवाने उचलून नेलं. आतापर्यंत कुणाला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच.

त्याच्या पेटीला अस्तर मला लावता आलं नाही. हातच उचलेना. सुताराने लावलं. त्याचा हात लाकडाचा, कापडाचा नाही. चुण्या वाकड्या, जोड डोक्याशी. चर्चमध्ये सगळे पोराचं तोंड बघत होते आणि मी तो जोड. अजून दिसतो.

तेव्हापासून चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा मीही म्हणते. फक्त देवाच्या मनासारखं होवो म्हणायची ती ओळ आली की माझे ओठ बंद. तोंडात खिळे धरल्यासारखे. पुढची ओळ आली की परत सुरू. आमच्याकडे बायका डाव्या बाकांवर, पुरुष उजव्या. शेजारच्या बाया घसा ताणून म्हणतात, माझी एक ओळ गेली तर कुणाला कळणार? देवाला कळत असेल. कळू दे. त्याच्याशी तेवढा अबोला आहे माझा.

घरी संध्याकाळी आम्ही बसायचो प्रार्थनेला. तेही बंद झालं. कुणी बंद केलं नाही. जुना पंखा हळू होत होत थांबतो ना, तसं.

५ फेब्रुवारी

लेक भांडली. वॉर्डच्या बाहेर, सगळ्यांसमोर.

"आई, तुला एक शब्द बोलायचाय. एक! भाजीवाल्याशी तासभर घासाघीस करतेस, इथे तोंडाला कुलूप?"

"तुझ्या बापाला विचार ना. त्यांचं हृदय आहे."

"त्यांना विचारलं. ते म्हणतात तुला विचार. तुम्ही दोघं म्हणजे 'पहले आप' चाललंय! मधल्या मध्ये बाबा जातील."

मी म्हटलं आवाज खाली कर. ती म्हणाली, "ते गेले ना, तर तुझ्या गप्प बसण्याने जातील. लक्षात ठेव."

बोलले तरी मारते, गप्प बसले तरी मारते. मी आहे तरी कोण?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरला म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं. ह्यांचे पाय सुजून पाव झालेत. अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो.

मी उशाशी बसते. पायाकडे बसले की माणूस पूर्ण लांबीचा दिसतो, आणि माझा डोळा आपोआप माप घेतो. कामाची सवय. निजलेल्या माणसाकडे मी बघतच नाही — कुणाकडेच. आज पाय चोळायला पायाकडे बसावंच लागलं. डोळे मिटून चोळले.

"झोपलीस की काय?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"झोपेत बरी चोळतेस."

७ फेब्रुवारी

नवे पाळक कारखान्यात आले. चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी गेली, तिच्या पेटीचं सांगायला. कोवळे आहेत, चष्मा नाकावरून सारखा घसरतो, बोलताना अडखळतात. सुतार लाकूड दाखवायला आत गेला, तेवढ्यात मला म्हणाले, "मावशी, काका कसे आहेत? आम्ही प्रार्थना करतोय, देवाच्या इच्छेप्रमाणे —"

माझं टाळकंच सटकलं! तोंडातले खिळे हातात थुंकले.

म्हटलं, "देवाची इच्छा, देवाची इच्छा! ती नेहमी माणूस मेल्यावरच कशी कळते हो तुम्हाला? कुणी बरं झालं की डॉक्टर चांगला. मेलं की देवाची इच्छा. माझ्याकडे येतात ती सगळी त्याच्या इच्छेचीच गिऱ्हाइकं का?"

वाटलं आता बायबलमधलं वचन फेकून मारतील. बिचारे लाल झाले. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मला नाही माहीत, मावशी. खरंच नाही. मला एवढंच माहीत आहे की क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री त्या बागेत येशू घाबरला होता."

"मग?"

"घामाने निथळत होता. आणि आधी तो नको म्हणाला. हा दुःखाचा प्याला नको, टळला तर बघ. हे आधी. तुझ्या मनासारखं होवो, ते नंतर. आणि... आणि ते म्हटल्यावर त्याची भीती गेली, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

मी म्हटलं, "तो देवाचा पोरगा. त्याचं त्याच्या बापाशी काय असेल ते असेल."

"तुमचाही बापच आहे ना तो," म्हणाले आणि रंध्याच्या सालीवरून घसरता घसरता वाचले. सुताराने दंडाला धरलं. "पाळकसाहेब, एका वेळी एकच पेटी हं!"

संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात तेच. आधी नको म्हणाला. मी थोरल्याच्या वेळी आठवडाभर नकोच म्हणत होते की. मग माझं काय चुकलं? आणि घाबरलेल्या माणसाचं हे म्हणणं त्याला चालतं? मला वाटायचं घट्ट छातीच्या लोकांचं ते काम. दमून म्हटलेलं, भिऊन म्हटलेलं मोजतच नाही तो. उलट पकडतो.

म्हातारीच्या उशीत साल जास्त भरली गेली. परत उसवली.

८ फेब्रुवारी, रविवार

उशीर झालाय. तरी आजच लिहिणार.

चर्चमधून थेट वॉर्डात. हे टेकून बसले होते, पाठीला तीन उशा, धाप चालूच. मला म्हणाले, "आज आपण म्हणू या प्रार्थना. पूर्वीसारखी. किती दिवस झाले."

आता नाही कसं म्हणणार? मेलेल्याला सजवते मी, जिवंत नवऱ्याला एवढं नको देऊ? हात धरला. नखांत अजून पांढरा रंग अडकलेला. सुरू केलं. दोघांचे आवाज गंजलेले. ह्यांचा धापेमुळे, माझा कशाने देव जाणे.

आणि ती ओळ आली.

मी ओठ मिटले, सवयीने. म्हटलं, हे म्हणतील, त्यांच्या आवाजात निभावून जाईल.

आवाज आलाच नाही.

दोघंही गप्प! पुढच्या ओळीची वाट बघत, दोघंही. सलाइनचा थेंब पडताना ऐकू यावा इतकं गप्प. मी डोळे उघडले तर हे माझ्याकडेच बघत होते.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा ड्रायव्हर आहे. मी त्याला हॉर्न म्हणते, कारण हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. तो ओरडला, "काय हो, विसरलात का दोघं? एवढी लहानशी प्रार्थना, ती पण पाठ नाही!"

हे हळूच म्हणाले, "तू पण?"

मी म्हटलं, "तुम्ही पण?"

मग ह्यांनी सांगितलं. थांबत थांबत, श्वास घेत. त्या दिवशी जुने पाळक येण्याच्या आधीच, सकाळी, हे बाहेर चपलांच्या रॅकपाशी उभे राहून म्हणाले होते — ने एकदाचा, तुझ्या मनासारखं कर. पोराचे झटके बघवेनात म्हणून. तेव्हापासून त्यांनाही वाटत होतं, आपणच मारलं. तेही ती ओळ गाळत होते. उजव्या बाकांवर ते, डाव्या बाकांवर मी. मधून पाळक चालत जायचे.

एका पोराचे दोन खुनी, एका छपराखाली, एकमेकांना चहा देत! एकाला कळू नये म्हणून दुसरा गप्प. आणि ऑपरेशनचंही तेच. माझं तोंड अपशकुनी म्हणून मी बोलेना. त्यांचं अपशकुनी म्हणून ते बोलेनात.

मी रडले. चार लोकांत रडणारी बाई मला आवडत नाही, पण रडले.

हे म्हणाले, "अगं, आपल्या शब्दांत एवढा दम असता, तर तू इतकी वर्षं म्हणतेस घोरू नका. थांबलो का मी?"

हसू आलं. नाक गळत असताना हसणं, काय सोंग दिसत असेल! हॉर्न म्हणाला, "आता हसताय? आधी प्रार्थना तरी पुरी करा, मी आमेन म्हणायला थांबलोय."

मी ह्यांना बागेतलं सांगितलं. नव्या पाळकांनी सांगितलं तसं. आधी नको, मग ते. म्हटलं, आपणही आधी नको म्हणू. पोटभर म्हणू. आणि म्हटलं. "देवा, ह्यांना नेऊ नको. नको. मला नको एकटं राहायला." हे म्हणाले, "मला जगायचंय. जिन्याची भिंत राहिली आहे." थोरल्याचंही म्हटलं. तेव्हाचं उरलेलं 'नको', आत्ता. किती साचलं होतं!

मग ती ओळ. माझे दात वाजत होते. भीती गेली नव्हती, बिलकूल नाही. भीतीसकट म्हटली. हे अर्ध्यात धापेने थांबले, तर मी पुढे नेली. मी थांबले, तर त्यांनी.

काही झालं नाही. छत कोसळलं नाही. ह्यांचा हात हातात गरमच होता.

हॉर्न "आमेन!" असा ओरडला की नर्स धावत आली.

९ फेब्रुवारी

डॉक्टरला हो म्हटलं. दोघांनी एकदम म्हटलं. तो म्हणाला, "एकाने सांगितलं तरी चालतं."

११ फेब्रुवारी

नेलं आत. ढकलगाडीवर झोपवलेले, पाय आधी. मी पूर्ण बघितलं, डोक्यापासून टाचेपर्यंत. डोळ्याने माप घेतलं. घेऊ दे. माझा डोळा कामगार आहे, देव नाही.

बाहेर बाकावर लेक माझ्या खांद्यावर झोपली. लहान होती तेव्हासारखी, तोंड उघडं. माझ्या मनात विचार यायचा, परत म्हटलंस, परत नेणार. येत राहिला. मी त्याला म्हटलं, बस बाबा, तूही बस इथेच. जागा आहे.

मग आणखी एक लक्षात आलं. इतकी वर्षं मी देवाला खाटीक समजत होते. सुरी घेऊन उभा, आणि मी हूं म्हणायची वाट बघतोय. बाप असा असतो? थोरल्याचे झटके आम्हा दोघांना बघवत नव्हते, तर त्याला बघवत होते?

उत्तर नाही आलं. पण आज पहिल्यांदा मी त्याला नीट विचारलं, आणि तोंड फिरवून उठून गेले नाही.

१२ फेब्रुवारी

डोळे उघडले! डॉक्टर हसला, त्याला दात आहेत हे आज कळलं. लेक म्हणाली, "बघ आई, प्रार्थना म्हटलीस आणि देवाने ऐकलं."

मी म्हटलं, असं बोलू नकोस. वाचव म्हणून सौदा नव्हता केला मी. गेले असते तर ऐकलं नाही म्हणाली असतीस?

ती म्हणाली, "तुला आनंद पण धड करता येत नाही." खरं आहे. पण केला. कॅन्टीनमध्ये जाऊन केळी आणली, तीन खाल्ली.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये ती ओळ मोठ्याने म्हटली. शेजारची बाई दचकून बघायला लागली. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, तुमचा आवाज केवढा आहे!

दुपारी ह्यांना हे सांगितलं. हसले तर टाके दुखले. म्हणाले, "आता घरी गेलो की उजव्या बाकावरून मी ओरडतो, बघ." मग जिन्याच्या भिंतीचं निघालं. मी म्हटलं, तो पिवळा मला कधीच आवडला नाही. हे म्हणाले, "आता सांगतेस?"

१८ फेब्रुवारी

हे गेले. काल सकाळी. मला चहा आणायला पाठवलं, मी कप घेऊन आले तोवर श्वास थांबला होता.

सुतार म्हणाला, वहिनी, अस्तराचं मी बघतो. म्हटलं, हात लावू नका. तुमच्या चुण्या वाकड्या येतात.

मी लावलं. जोड पायाकडे घेतला. आधी नको, नको म्हणत. मग ती ओळ म्हणत. रडत होते, भीत होते, म्हणत होते.

खिळे वाटीत ठेवले होते. तोंड मोकळं हवं होतं.